उतारावरची खुर्ची

आमच्या भागात गाडीचा हँडब्रेक हा भाजीची पिशवी अडकवायचा दांडा समजला जातो. गाडी जागेवर थांबवायचं काम दगडाचं. डिकीत स्टेपनी नसली तरी चालते, दगड लागतोच. उतारावर गाडी उभी केली की शेजारी बसलेला माणूस न सांगता उतरतो, मागच्या चाकाला दगड लावतो, त्यावर बुटाची टाच मारून बघतो आणि मगच घरात जाऊन चहा मागतो. माझा दगड मेहुण्याच्या बांधकामावरून आणलेला, काळाभोर, दोन बाजूंनी घडवलेला होता. पहिली गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं इंजिन नंतर ऐकलं, आधी विचारलं, "दगड संगट देणार ना?"

सोनकांबळे मॅडमच्या गाडीत दगड नव्हता. कधीच नव्हता. त्यावरून जे महाभारत झालं त्यात मी संजय होतो, म्हणजे बसून बघणारा. फक्त दृष्टी तेवढी नव्हती.

आम्ही दोघं चाकूरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायचो आणि लातुरात राहायचो. मी मराठी, त्या भूगोल. पगार चाकूरचा आणि झोप लातूरची, असं जगणाऱ्यांना आमच्याकडे 'अप-डाऊनवाले' म्हणतात. माझी स्वतःची गाडी होती, पण ती मी रस्त्यावर काढली की बायको देवापुढे बसायची, म्हणून मी मॅडमच्या छोट्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचो.

मॅडम मूळच्या हिमायतनगरकडच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि ड्रायव्हिंग सीटवर एक जाडजूड उशी. वर्गात त्यांची मराठी पुस्तकात छापल्यासारखी यायची. वर्गाचा उंबरा ओलांडला की हिमायतनगर सुरू. आणि त्या मराठीतला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता: "कामून?" म्हणजे, का म्हणून?

हा शब्द त्या विचारायच्या म्हणण्यापेक्षा समोर ठेवायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. चष्मा नाकावर खाली घ्यायच्या, समोरच्याकडे बघायच्या आणि "कामून?" म्हणून थांबायच्या. उत्तर येईपर्यंत थांबायच्या. या थांबण्यातच माणसं घायाळ व्हायची.

गाडी त्या पन्नाशीत शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर म्हणाला, "मॅडम, क्लच दाबा अन् गिअर टाका, विचार करू नका."

"कामून? क्लच दाबल्यावर आत काय होतंय?"

मास्तरला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी माहिती काढून आला म्हणे. शिकवणी संपली तेव्हा त्याला क्लच कळला होता आणि मॅडमना गाडी.

कॉलेजात एक जुनी पद्धत होती. संस्थेचे अध्यक्ष आले की चहा स्टाफमधल्या बायकांनी द्यायचा. मॅडम रुजू झाल्या त्या वर्षी ट्रे त्यांच्या हातात आला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं. "कामून?" प्राचार्य म्हणाले, "तशी प्रथा आहे." मॅडम थांबल्या. चहावर साय धरली तरी थांबल्या. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच कप उचलला. त्या दिवसापासून चहा गंगाधर शिपाई देतो, आणि खरं सांगायचं तर आता तो सांडत नाही.

वर्गात समोच्च रेषा शिकवायच्या दिवशी त्या पोरांना घेऊन गेटपाशी जायच्या. आमचं कॉलेज माळावर आहे आणि इमारतीपासून गेटपर्यंत मुरमाचा चांगला उतार आहे. मॅडम वरून तांब्याभर पाणी सोडायच्या आणि सगळ्यांना ते कुठून कसं जातं ते बघायला लावायच्या. "बघा," त्या म्हणायच्या, "पाणी कोणाचं ऐकत नाही. उतार तोंड बघत नसतो." मी एकदा स्टाफरूमच्या खिडकीतून हे ऐकलं आणि माझ्या नावावर खपवायचं म्हणून लिहून ठेवलं. माझ्या तासाला ऐकवलं तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, हे तर भूगोलात झालं."

आता त्या ब्रेकच्या कामाकडे येतो.

दिवाळीनंतर मॅडमच्या गाडीचे मागचे ब्रेक चरचर करायला लागले. लातूरला जावेदभाईंचं गॅरेज होतं. माणूस हसतमुख, हात मोकळा, आणि बोलणं असं की उर्दू आणि मराठीत सोयरीक झालेली. त्यांनी सांगितलं, लायनर संपलेत, दोन्ही चाकांचे बदलावे लागतील. एखादं गिऱ्हाईक "बरं" म्हणून चहाला गेलं असतं. मॅडमनी खुर्ची मागवली.

"जावेदभाई, दोन्ही चाकं एकदमच उघडा. कोणतं जास्ती झिजलंय ते मला बघायचंय."

"मॅडम, एकेक खोलतो आपण. एक खोललं की दुसरं तसंच ठेवायचं, विसरलं तर बघायला. आमच्या उस्तादांनी तसंच शिकवलं."

"तुम्ही विसरता का?"

"न्हाई जी. इतक्या वर्षांत कधी न्हाई."

"मग कामून?"

जावेदभाई हरले. दोन्ही चाकं उघडली. मॅडमनी खाली वर्तमानपत्र अंथरलं, स्प्रिंगा, पट्ट्या, खिळे त्यावर मांडून घेतले आणि एकेक वस्तू उचलून हे काय, ते काय, सुरू केलं. मी चहा पीत होतो आणि मधूनमधून "वा, वा" म्हणत होतो. ब्रेकच्या विषयात माझं योगदान एवढंच. संध्याकाळी गाडी तयार झाली. हँडब्रेक असा लागला की गाडी भिंतीला बांधल्यासारखी.

काही दिवस उत्तम गेले. मग एका सकाळी कॉलेजच्या उतारावर गाडी लावताना मॅडमनी हँडब्रेक ओढला. कर्रर्र असा लांबलचक आवाज आला. त्या म्हणाल्या, "आज जरा वर येऊन राहिला हा. परत जाताना जावेदभाईंना दाखवू." मी "हो, हो" म्हणालो आणि डबा घेऊन उतरलो. गाडी न्यूट्रलमध्ये होती. गाडी बंद करताना न्यूट्रल करा, नाहीतर सुरू करताना उडी मारते, हे त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरनं शिकवलेलं. नेमकं याच गोष्टीला त्यांनी "कामून" विचारलं नव्हतं.

आम्ही व्हरांड्याशी पोचतो न पोचतो तो मागे मुरूम कुरकुरला. वळून पाहिलं तर गाडी निघालेली. घाई नाही, गडबड नाही. कुणाच्या घरी बसायला निघालेली बाई जशी जाते तशी मागे मागे चालली होती. खाली गेटच्या आत अध्यक्षसाहेबांची नवी, लांब, काळी गाडी उभी होती.

मी धावलो. माझ्या आयुष्यातली ती एकमेव शूर कृती. मी गाडीला गाठलं आणि जे हाताला लागलं ते गच्च धरलं. तो होता बाजूचा आरसा. आरसा माझ्याकडे राहिला, गाडी खाली गेली. ठप्प असा बेताचा आवाज झाला. काळ्या गाडीचा एक दिवा फुटला, पत्रा जरा आत गेला. आत अध्यक्षसाहेब नव्हते, त्यांचा ड्रायव्हर सीट मागे टाकून झोपला होता. तो दचकून उठला, दार उघडलं आणि म्हणाला, "उतरा साहेब, आलं."

प्राचार्यांच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावलं गेलं. अध्यक्षसाहेब सोफ्यावर. मी हातात आरसा घेऊन उभा. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही, त्यामुळे बोलणाऱ्या प्रत्येकाला आपलं तोंड दिसत होतं.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "साहेब मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी विषय वाढवला नाही. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. 'माझ्या निष्काळजीपणामुळे हँडब्रेक ओढायचा राहून गेला, दिलगीर आहे.' सही करा. संपलं."

"गाडी माझी हाय. दिवा, पत्रा, सगळं मी करून देते. आजच देते. पण हँडब्रेक मी वढला व्हता."

"ओढला असता तर गाडी गेली असती का?"

"तेच बघायचंय. कामून गेली."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "कुलकर्णी सर, तुम्ही शेजारी होता. ओढला होता?"

कर्रर्र माझ्या कानात अजून वाजत होतं. 'आज जरा वर येऊन राहिला' हे वाक्यही. पण समोर सोफ्यावर अध्यक्षसाहेब होते, आणि माझ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा कागद त्यांच्या सहीसाठी गेलेला होता. मी म्हणालो, "आवाज आला खरा सर. पण तो मॅडमच्या पर्सच्या चेनचाही असू शकतो."

मॅडमनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "कामून?" सुद्धा विचारलं नाही.

प्राचार्यांनी जाहीर केलं की कागद येईपर्यंत मॅडमची गाडी आवारात येणार नाही, आणि आठवड्यात कागद आला नाही तर मेमो निघेल. मॅडम उठल्या. "मेमो काढा. न वढल्याचा कागद मी देणार न्हाई."

परत जाताना मी नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडलं. "मागं बसा," मॅडम म्हणाल्या. "पुढची सीट साक्षीदाराची असते."

मी मागे बसलो, डब्यांच्या शेजारी. चाकूर मागे पडलं. मग मॅडमच समोर रस्त्याकडे बघत बोलल्या.

"माझ्या आज्याला वाचता येत नव्हतं, सर. गावात काही हरवलं, काही मोडलं, की कागद घेऊन आमच्या दारात यायचे. हितं अंगठा दे म्हणायचे. आज्या द्यायचा. काय लिहिलंय इचारायचा न्हाई, कारण इचारलं तर दुसरा कागद येईल. न केलेल्या किती गोष्टी त्याच्या नावावर असतील, त्यालाच माहीत नसंल. माझ्या बापानं म्हणून मला शाळेत घातलं. बाई, तू वाचून सही कर म्हणला. म्या वाचलं आज. खोटं व्हतं. कशी करू सही?"

मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिलो. त्या झाकणातही माझं तोंड दिसत होतं. तो दिवसच आरशांचा होता.

जावेदभाईंनी हँडब्रेकची केबल आवळली. ब्रेक घट्ट लागला. "नवे लायनर बसायला टाइम घेतात मॅडम. आता टेन्शन नक्को." चार-पाच दिवसांनी दांडा पुन्हा छातीपर्यंत वर आला. केबल पुन्हा आवळली. पुन्हा तेच. मग जावेदभाई म्हणाले केबलच ताणली गेलीय, आणि नवी टाकली. नव्या केबलनंही चार दिवस धरलं आणि सोडलं.

या काळात मॅडमची गाडी गेटबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला उभी राहायची. गंगाधरनं आदरानं एक दगड आणून चाकाला लावला. मॅडमनी तो पायानं बाजूला केला. गंगाधर म्हणाला, "मॅडम, लावू द्या की. मोठमोठ्या साहेबांच्या गाड्यांना लावतो."

"कामून? दगड लावला म्हंजे ब्रेक खराब हाय हे मी कबूल केलं, अन् दुरुस्त करायचं सोडलं. ब्रेक खराब असंल तर नीट करते. पण दगडावर भागवणार न्हाई."

मीही माझा घडीव दगड पिशवीत घालून नेला होता. समेट व्हावा म्हणून. तो पिशवीतच राहिला आणि माझा खांदा दोन दिवस दुखला.

त्यानंतर गॅरेजला गेलो तेव्हा जावेदभाई पाना घेऊन केबलकडेच निघाले. मॅडम आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. आधी मला सांगा. केबल आवळली की धरतंय. मग रोज थोडं थोडं सुटतंय. पायाचा ब्रेकबी खाली जाऊन राहिलाय, मी बघून राहिले. तुटलं असतं तर एकदम सुटलं असतं. हे नदीकाठ खचावा तसं हाय. आत काहीतरी रोज जरासं मागं येतंय. काय मागं येतंय?"

जावेदभाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू नव्हतं. त्यांनी पाना खाली ठेवला. "चाकं खोलावी लागतील."

चाकांमागचे दोन्ही ब्रेकड्रम निघाले. प्रत्येक चाकाच्या आत, दोन लायनरच्या मधे, बोटाएवढा एक स्क्रू असतो, त्याला दातेरी चकरी. ब्रेक मारला की ती चकरी एखादा दात फिरते आणि स्क्रू किंचित लांब होतो. लायनर झिजतील तसे ते आपोआप बाहेर ढकलले जावेत म्हणून ही सोय. जावेदभाईंनी दोन्ही स्क्रू काढले, पुसले आणि माझ्या दोन तळहातांवर एकेक ठेवला. मी देवळात तीर्थ घेतात तसा उभा.

त्यांनी डाव्या चाकातला स्क्रू फिरवला, ज्या बाजूला तो गाडीत फिरतो त्या बाजूला. तो लांब व्हायच्या ऐवजी आखूड झाला. उजव्याचंही तेच. जावेदभाईंनी कपाळाला ग्रीसचा हात लावला.

"या अल्ला. मॅडम, एकाचे आटे सुलटे असतात, एकाचे उलटे. डाव्याचा उजव्यात गेलाय, उजव्याचा डाव्यात. तुम्ही ब्रेक मारला की लायनर आत येऊन राहिले. केबल किती पण आवळा, रोज ढिलं होणार."

"अदलाबदल कशी झाली?"

जावेदभाई मॅडमकडे बघेनात. माझ्याकडे बघायला लागले, जणू मला उत्तर माहीत आहे. आणि खरोखर मला ते माहीत होतं. डोळ्यांपुढे ते वर्तमानपत्र आलं. त्यावर मांडलेल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या. दोन्ही चाकं एकदम उघडलेली. आणि मॅडम एक स्क्रू या हातात, एक त्या हातात घेऊन, चष्मा खाली करून, "हे दोन सारखेच दिसतात की हो" म्हणणाऱ्या.

मॅडमनाही ते आठवलं. त्यांनी हळूच खुर्ची ओढली आणि बसल्या.

"माझ्या हातून झालं हे," त्या म्हणाल्या.

"न्हाई न्हाई, मॅडम," जावेदभाई घाईनं म्हणाले. "गॅरेज माझं, हात पण माझाच लागला बसवताना. मला दिसायला पाहिजे होतं. मी येतो चाकूरला. तुमच्या प्रिन्सिपलला सांगतो, गलती मिस्त्रीची. बात खतम."

मला ही सूचना फार आवडली. मी लगेच म्हणालो, "वा, वा." सगळं सुटत होतं. मॅडम निर्दोष, जावेदभाई मोठ्या मनाचे, आणि मी पुन्हा पुढच्या सीटवर.

"कामून?" मॅडम म्हणाल्या. "हात माझा व्हता तर नाव तुमचं कामून?"

जावेदभाईंनी स्क्रू आपापल्या जागी घातले. आधी आतली चकरी फिरवून लायनर ड्रमला जेमतेम शिवतील असे आणले, मॅडमना पाय ब्रेकवर मारायला लावला, पुन्हा तपासलं, आणि उगाच आवळून ठेवलेली केबल सैल करून मग बेताची लावली. या वेळी एक चाक पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात लावला. मॅडम बघत होत्या, पण काही उचलत नव्हत्या. घरी जाताना मला वाटलं, आता माघार घेणार. आता सही करून टाकणार. चूक तर निघालीच ना.

नंतरचे दिवस गाडीनं ब्रेक सोडला नाही. आठवड्याची मुदत उलटून गेली होती आणि मेमो टाईप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर पडला होता. अध्यक्षसाहेब पुन्हा आले त्या सकाळी मॅडम गाडी घेऊन सरळ गेटमधून आत शिरल्या. गंगाधरनं गेट उघडलं. नंतर विचारलं तर म्हणाला, मला वाटलं मॅडमनी परवानगी काढली असंल. गाडी वर गेली, नेमकी त्याच जागी, त्याच उतारावर उभी राहिली. खाली, काळी गाडी तिच्या नव्या दिव्यासह.

मॅडम खोलीत गेल्या आणि कागद पुढे ठेवला. स्वतःच्या अक्षरात, शुद्ध प्रमाण मराठीत. मी तो वाचला आहे. त्यात लिहिलं होतं: हँडब्रेक मी ओढला होता. गाडी गिअरमध्ये ठेवायला हवी होती, ते मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. गॅरेजमध्ये दोन्ही चाकं एकदम उघडायला मीच लावलं आणि डावे-उजवे भाग माझ्या हातून बदलले गेले, म्हणून ब्रेक सुटला. ही चूक माझी आहे. मिस्त्रीची नाही.

प्राचार्यांचा चेहरा उजळला. "झालं की मग! चूक तुमचीच. फक्त इथे 'निष्काळजीपणामुळे' एवढा शब्द टाका. आणि ती 'ओढला होता' ओळ तेवढी काढा, उगाच गोंधळ होतो."

"निष्काळजीपणा नव्हता, सर. चौकसपणा व्हता. तो लिहायचा असंल तर लिहिते. अन् ती ओळ ऱ्हाणार. बाकीचा कागद त्या ओळीसाठीच लिहिलाय."

"मॅडम, ह्या कागदात जास्त कबुली आहे. आम्ही मागितलेल्यात कमी होती."

"हाव. पण ही खरी हाय."

अध्यक्षसाहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ते राहू द्या. पण ती गाडी आता तिथं थांबेल याची खात्री काय?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मधली सुट्टी व्हायला आली होती. "खात्री करून देते. तुमची गाडी हलवू नका, साहेब. तिथंच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी स्टाफरूममधून प्लास्टिकची एक खुर्ची उचलली, उतारावर नेली आणि स्वतःच्या गाडीच्या बरोबर मागे, उताराच्या खालच्या बाजूला, गाडीकडे पाठ करून ठेवली. बसल्या. पिशवीतून चाचणीच्या उत्तरपत्रिका काढल्या, लाल पेन काढलं आणि तपासायला लागल्या. घंटा झाली. सगळं कॉलेज व्हरांड्यात आणि खिडक्यांत. कोणी ओरडेना. प्राचार्य पायरीवर येऊन म्हणाले, "मॅडम, अहो उठा, काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "लिहून देऊ?"

काळ्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून लांब लिंबाखाली जाऊन उभा राहिला होता. मागचा अनुभव होता त्याला.

मग माझ्या पायांना काय झालं माहीत नाही, मीही एक खुर्ची उचलली आणि तिकडे गेलो. मॅडमच्या अगदी शेजारी नाही ठेवली. जराशी बाजूला, गाडी आलीच तर उडी मारता येईल अशी. वरून सगळे बघत होते. वेतनश्रेणीची सही करणारेही बघत होते. मी मोठ्यानं म्हणालो, "सर, त्या दिवशी हँडब्रेक ओढला होता. आवाज मी ऐकला. पर्सला चेनच नाही त्यांच्या, बटण आहे."

नेमकं तेव्हा मागे गाडीतून 'टक्' असा आवाज झाला. मी खुर्चीसकट उडालो. खिडक्यांतून हशा फुटला.

"इंजिन थंड होऊन राहिलंय, सर," मॅडम म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. मुरमावर ऊन तापत होतं. माझ्या पाठीला घाम, आणि कान इतके मागे वळलेले की मान अवघडली. मॅडमनी एका पोराच्या पेपरवर गोल काढला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "समोच्च रेषा एकमेकीला छेदत न्हाईत म्हणून कितीदा सांगितलं, तरी." पान उलटलं. पुन्हा पान उलटलं. गाडी हलली नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा त्या उठल्या, कागद गोळा केले, आणि सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "माझा कागद घेताय ना?"

अध्यक्षसाहेब बाहेर बघत म्हणाले, "घ्या हो त्यांचा. मिटवा." प्राचार्य म्हणाले, "ठेवा तिथं." मेमोवर पेपरवेट आला.

"पोच द्या," मॅडम म्हणाल्या. आणि थांबल्या. शिक्का मिळेपर्यंत थांबल्या.

परत जाताना मी सवयीनं मागचं दार उघडलं. मॅडमनी आतून पुढचं दार ढकललं. "पुढं बसा. अन् तो आरसा आणून द्या. किती दिवस झाले, अजून तुमच्याच घरात हाय."

निवृत्त होईपर्यंत त्यांनी गाडी त्याच उतारावर लावली. पुढे सपाट शेड बांधली, तिथे जागा रिकामी असायची, तरी. माझी वेतनश्रेणी जरा रखडली. ती का रखडली हे मी विचारलं नाही. एवढा "कामून" माझ्याकडे नाही.

निवृत्तीनंतर त्या मुलीकडे नांदेडला गेल्या. फोन व्हायचे, मग कमी झाले. शेवटच्या दिसल्या त्या इस्लापूरजवळ, सहस्रकुंडच्या धबधब्यापाशी. आम्ही घरची मंडळी गेलो होतो. गाड्या लावायची जागा उताराची, ओल्या मुरमाची, आणि पावती फाडणारा माणूस प्रत्येक गाडी आली की चाकाला दगड लावत होता. तीच पांढरी गाडी आली. एका बाजूचा, माझ्या हातात आलेला आरसा अजून जरा वाकडाच. नात गाडी चालवत होती, मॅडम शेजारच्या सीटवर. हातात काठी घेऊन सावकाश उतरल्या. केस सगळे पांढरे, चष्म्याची दोरी तीच.

माणसानं दगड आणला. मॅडमनी नातीकडे पाहिलं. "गिअर?" "टाकलाय, आजी." "हँडब्रेक?" "ओढलाय." मग त्यांनी काठीचं टोक दगडाला लावलं आणि तो हळूहळू चाकापासून बाजूला ढकलला.

"अहो आजी, राहू द्या की. सगळेच लावतात."

"कामून?"

तो माणूस दगडाकडे बघत राहिला. मॅडमनी तेवढ्यात मला पाहिलं, मग माझ्या गाडीकडे. मागच्या चाकाला एक दगड, पुढच्याला एक.

"अजून, कुलकर्णी सर?"

मी वाकून एक दगड काढला. दुसराही काढणार होतो, पण बायको गाडीतच बसलेली होती.

त्या हसल्या. नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या गाडीच्या मागून, उताराच्या खालच्या बाजूनं, चाकांच्या अगदी जवळून, काठी टेकत धबधब्याच्या आवाजाकडे निघाल्या. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मी मात्र त्या दिसेनाशा होईपर्यंत गाडीकडे बघत उभा होतो. ती जागची हलली नाही.